अमेरिकेच्या वाटेवर पुलगाव

आमच्या कंपनीत अमेरिकेहून परतलेल्या माणसाला काही दिवस कोणी आवरू शकत नसे. तो चहाच्या वेळी तिथल्या रस्त्यांबद्दल बोले, जेवताना तिथल्या दुधाबद्दल बोले, आणि संध्याकाळी स्कूटरला किक मारता मारता तिथल्या गाड्यांना किक मारावी लागत नाही हे सांगे. आम्ही निमूट ऐकून घेत असू, कारण प्रत्येकाला एक दिवस आपणही असंच बोलायचं होतं. पुण्यात कॉम्प्युटरवर पोट भरणाऱ्या माणसांचे तेव्हा दोनच वर्ग होते, जाऊन आलेले आणि जायचे राहिलेले. मी दुसऱ्या वर्गात अनेक वर्षं नापास होत बसले होते.

पुलगावचं वर्णन मात्र कोणी कधी ऐकवलं नाही, कारण आमच्यातलं कोणी तिथे गेलेलंच नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे.

झालं असं की वर्धा जिल्ह्यातल्या एका सहकारी जिनिंग कारखान्याने आमच्याकडून कॉम्प्युटर घेतला. कोणत्या गोदामात कोणत्या जातीच्या कापसाच्या गाठी पडल्या आहेत, ते बसल्या जागी कळावं, एवढाच हेतू. मशीन रेल्वेने गेलं, त्याचा प्रोग्रॅम मी लिहिला, आणि तो तिथे जाऊन चालू कोणी करायचा हा प्रश्न आला तेव्हा मे महिना होता. गुप्ते साहेबांनी मला बोलावलं. अमेरिकेतल्या एका कामासाठी कंपनी एकच माणूस पाठवणार होती आणि त्यासाठी दोन नावं होती, एक माझं आणि एक सबनीसचं.

"पुलगावचं मशीन चालू करून ये," साहेब म्हणाले, "मग तुझं अमेरिकेचं बघतो."

"सबनीस का नाही जात?"

"त्याला उन्हाचा त्रास होतो."

मला उन्हाने बरं वाटतं अशी नोंद बहुधा माझ्या नावापुढे असावी. पण मला अमेरिकेला जायचंच होतं. तिथे जे मोठं मशीन होतं त्यावर काम करायचं मी फार दिवस मनात धरलं होतं, आणि त्यासाठी मी पुलगावच काय, पुलगावच्या पलीकडे चालतही गेले असते. घरी आईने तिथे लष्कराचा दारूगोळ्याचा डेपो आहे म्हणून काळजी केली, आणि आत्याने तिकडे एखादं स्थळ आहे का म्हणून चौकशी केली. माझ्या मते दोन्हींतला धोका सारखाच होता.

पुलगाव स्टेशन

गाडीतून उतरले तेव्हा सकाळच होती, पण फलाटावरची हवा भट्टीचं दार उघडावं तशी अंगावर आली. मला न्यायला कारखान्याचे मॅनेजर इंगोले साहेब आले होते. डोक्याला पांढरा दुपट्टा, डोळ्यांवर गॉगल आणि हातात एक कांदा. तो कांदा त्यांनी मला दिला.

"खिशात ठेवा मॅडम. लू लागत नाई मंग."

साडीला खिसा नसतो हे त्यांच्या लक्षात आलं, तेव्हा त्यांनी तो माझ्या पर्समध्ये स्वतः टाकला. पुण्यात पाहुण्याला फुलं देतात, तीही सभा असली तर. कांदा त्याहून कामाचा आहे हे मला दुपारपर्यंत पटलं. पुढचा सगळा मुक्काम माझ्या पर्सला, रुमालाला आणि फ्लॉपींच्या पाकिटांना त्याचा वास होता.

मी राहणार होते इंगोल्यांच्या घरी, पुलगावला लागूनच असलेल्या नाचणगावात. एकट्या बाईला लॉजवर कसं ठेवायचं, हा प्रश्न त्यांच्या घरात माझ्या येण्याच्या कितीतरी आधी सुटलेला होता. इंगोले काकूंनी दारातच माझ्या पायांवर पाणी घातलं, कैरीचं पन्हं दिलं आणि ताटात वांग्याची भाजी, भाकर, ठेचा आणि भाजलेली मिरची असा सरंजाम मांडला. आमच्याकडे पाहुण्याला "घ्या ना" एकदा म्हणतात, आणि तेही डबा उचलता उचलता. इथे काकू वाढायच्या आधी विचारत नव्हत्या, वाढून झाल्यावर विचारत होत्या.

"काऊन व बाई, आवडलं नाई का?"

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मी म्हटलं, "फार आवडलं." ते त्यांनी खरं मानलं आणि आणखी ठेचा वाढला.

कूलर

दुसऱ्या दिवशी मी मशीन पाहिलं. कारखान्याच्या आवारात तळमजल्यावर त्याच्यासाठी खास खोली रंगवून ठेवली होती. बाहेर पाटी होती, 'चपला काढून आत या.' धूळ जाऊ नये म्हणून हा नियम आमच्याच कंपनीने घालून दिलेला, पण इथे तो भलत्याच श्रद्धेने पाळला जात होता. माझ्यापुढे आत गेलेल्या हमालाने उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावला. मशीनला हळदीकुंकू लागलं होतं, तेही नेमकं फ्लॉपी घालायच्या फटीवर.

खोलीत शिरताच मला वाळ्याचा सुंदर वास आला. खिडकीत एक अवाढव्य लोखंडी कूलर घरघरत होता. त्याला वाळ्याच्या नव्या ताट्या होत्या, त्यांवर नळीने पाणी सुटत होतं, आणि उरलेल्या खिडक्यांवर ओलं गोणपाट टांगलं होतं. वाऱ्याबरोबर बारीक तुषार येऊन मशीनच्या पडद्यावर बसत होते. इंगोले साहेब माझ्या तोंडाकडे कौतुकाच्या अपेक्षेने बघत होते.

"एसी कुठे आहे?" मी विचारलं. एसी हवाच असं आम्ही त्यांना लिहून कळवलं होतं आणि त्यांनी तो घेतलाही होता.

"एसी वर हाय. भाऊसाहेबाच्या खोलीत."

भाऊसाहेब म्हणजे कारखान्याचे अध्यक्ष. एसी आधी आला, मशीन नंतर आलं. मधल्या काळात एसी रिकामा कशाला पडू द्यायचा, म्हणून तो वर लागला.

"पण मशीनची फिकर नोका करू," इंगोले म्हणाले. "एसीची हवा बेकार, अंग धरून येते. कूलरची हवा गोड. अख्ख्या तालुक्यात असा कूलर नाई."

यात लबाडी कुठेच नव्हती. ज्या गावात उन्हाळ्यात जिवंत राहण्याचं श्रेय कूलरला जातं, तिथल्या माणसांनी पाहुण्या यंत्राला आपल्याजवळचं सगळ्यात चांगलं दिलं होतं. फक्त ते यंत्र ओलसर हवेत काम करत नाही. मी प्रिंटर चालू केला, तर दमट झालेला कागद ओल्या पापडासारखा लोंबला, प्रिंटरच्या दातांत बसणारी त्याच्या कडेची भोकं फाटली आणि प्रिंटरने तो चावून आत ओढून घेतला. फ्लॉपी वाचायला सांगितली तर मशीनने नकार दिला.

मी कूलर बंद केला. तासाभरात खोली तव्यासारखी तापली आणि मशीन आपोआप बंद पडलं. मी जेवून परत येते तो कूलर पुन्हा जोरात चालू. दारावरचे जमादार, नगराळे बाबा, अपराधी चेहऱ्याने उभे होते.

"मशीन लय तापून गेलतं, मॅडम. पाहवलं नाई मले."

असं चार दिवस चाललं. मी बंद करायची, कोणाला तरी दया यायची. सोमवारी सगळे संचालक मशीन बघायला येणार होते. गाठींची यादी छापून दाखवता आली नाही तर ते मशीन परत पाठवणार होते, आणि मशीन परत गेलं म्हणजे अमेरिकेला सबनीस जाणार होता, उन्हाचा त्रास घेऊन.

मी वर भाऊसाहेबांकडे गेले. त्यांच्या खोलीत इतकं गार होतं की मे महिन्यात ते लोकरीचं जाकीट घालून बसले होते. समोरच्या बाकावर पाच-सहा माणसं कामाशिवाय बसलेली होती, आणि त्यांपैकी एकाने मफलर गुंडाळला होता. मी एसी मागितला. भाऊसाहेबांनी मला लिंबाचं सरबत पाजलं, पुण्याची हवा विचारली आणि म्हणाले, "तुमी म्हनता त देऊन टाकू नं."

खाली येऊन मी इंगोल्यांना विचारलं, एसी कधी काढायचा.

"तो काढणार कोन, मॅडम? भाऊसाहेबाच्या खोलीतल्या भिंतीले हात लावाले मिस्त्री भेटाले पायजे का नाई?"

एक स्थळ

त्या संध्याकाळी काकूंचा भाचा "सहज" आला. देवळीला कृषी खात्यात होता, आणि सहज येताना इस्त्रीचा शर्ट, अत्तर आणि त्याच्या आईला घेऊन आला होता. मी घामेजलेली, कांद्याच्या वासाची, हाताला प्रिंटरची शाई लागलेली, अशी पोह्यांच्या बशीसमोर बसले.

"नोकरी सरकारी हाय का?" त्याने विचारलं.

"नाही."

"मंग पेन्शन?"

"नाही."

"क्वार्टर?"

"तेही नाही."

त्याच्या चेहऱ्यावर खरंखुरं दुःख पसरलं. एवढी शिकलेली मुलगी आणि कुठल्या धंद्याला लागली. त्याने मला कृषी खात्यात टंकलेखकाच्या जागा निघणार आहेत असं सांगितलं आणि उठताना माझ्या आईवडिलांना नमस्कार कळवायला सांगितला, सांत्वन करावं तसा. मी न विचारताच मला नकार मिळाला होता. पुण्यात मी संगणक क्षेत्रात आहे म्हटलं की लोक अदबीने सरकून बसायला जागा देत. ती अदब मनमाडच्या पुढे चालत नाही.

नालवाडी

रविवारी मी कोरडा कागद शोधायला वर्ध्याला गेले. सोबत कुंदा होती. कुंदा म्हणजे नगराळे जमादारांची मुलगी. बी.एस्सी. झालेली आणि गोदामाच्या ऑफिसात टायपिस्ट, तीही हंगामी. पहिल्याच दिवशी तिने मला विचारलं होतं, "मॅडम, हे शिकाले किती दिवस लागते?"

"तुला किती घाई आहे त्यावर आहे."

"मले लय घाई हाय."

ती खोटं बोलत नव्हती. मशीन जेवढा वेळ शुद्धीवर असे तेवढा वेळ ती माझ्या शेजारून हलत नसे, आणि माझी चूक दिसली तर ती लोकांसमोर मोठ्याने सांगत असे. हंगाम संपला की तिला घरी बसवणार होते. मशीन टिकलं तरच ती टिकणार होती, म्हणून तिला माझ्या अमेरिकेत माझ्याइतकाच रस होता.

वर्ध्याला कागद मिळाला नाही. दुकानदाराने लग्नपत्रिकांचा कागद दाखवला, आखीव ताव दाखवले, पतंगाचा कागद दाखवला आणि शेवटी आम्हालाच विचारलं की कागदाला दोन्ही बाजूंनी भोकं कशाला पाडून पाहिजेत. ऊन इतकं होतं की रस्त्यावर एक कुत्रंसुद्धा नव्हतं. आम्ही रिक्षा करून नालवाडीला कुंदाच्या बहिणीकडे गेलो. प्रमिलाताई दवाखान्यात नर्स होत्या. घर लहान, नीटनेटकं, कोनाड्यात बुद्धाची मूर्ती आणि शेजारी दोन्ही बहिणींच्या पदव्या काचेत लावलेल्या.

ताईंनी आंब्याचा रस आणि सरगुंडे केले होते. कणकेची बारीक वळी काडीवर गुंडाळून वाळवतात, मग शिजवून रसात बुडवून खातात. पुण्याला आणि त्यापुढच्या जगाला हा पदार्थ माहीत नाही, ही मोठीच चूक झाली आहे. अमेरिकेहून आलेला एक गृहस्थ आम्हाला तिथल्या असल्याच पोकळ शेवयांचं वर्णन अर्धा तास ऐकवत होता. त्याला कोणी तरी मे महिन्यात नालवाडीला न्यायला हवं.

तिसऱ्या वाटीला माझा धीर सुटला. मी म्हणाले, "उद्या काही होत नाही, कुंदा. एसी खाली येत नाही."

"एसी खाली येत नाई त मशीन वर नेऊ," कुंदा म्हणाली.

"भाऊसाहेब देतील का त्यांची खोली?"

"तुमी चुकीचं मांगता, मॅडम. तुमी म्हनता मशीनले ठंडं लागते. ठंडं सगळ्याइलेच लागते. तुमी म्हना, मशीन एवढं मोठं हाय, ते खाली गोदामाच्या बाजूले शोभत नाई."

प्रमिलाताई पदराआड हसल्या. मी इंजिनियरिंगची चार पुस्तकं पाठ केली होती. त्यांत हे नव्हतं.

वरची खोली

सोमवारी सकाळी मी भाऊसाहेबांना तेच सांगितलं. त्यांनी मला पुरतं बोलूही दिलं नाही.

"मले बी तेच वाटून राह्यलं होतं, बाई. पन आपल्या तोंडानं कसं म्हनाव?"

मग मशीनची मिरवणूकच निघाली. पुढे नगराळे बाबा रस्ता मोकळा करत, मागे चार अनवाणी हमाल, एकाच्या डोक्यावर पडदा, एकाच्या डोक्यावर प्रिंटर. कागदाचा गठ्ठा मी स्वतः छातीशी धरला होता. वर कामाशिवाय बसलेल्या मंडळींना बाक सोडावा लागला. तासाभर त्या कोरड्या गारव्यात बसल्यावर कागद पुन्हा ताठ झाला आणि फ्लॉपी वाचली गेली. मला इतका आनंद झाला की मी कुंदाला मिठी मारली.

संचालक आले. चपला काढून गालिच्यावर गोल उभे राहिले, देवळात राहतात तसे हात जोडून नव्हे, पण बांधून. मी बोलत होते आणि कुंदा मशीन चालवत होती. मी "आता आपण तीन नंबरचं गोदाम बघू" म्हटलं की ते पडद्यावर येई. सगळे माझ्या बोटाकडे बघत, मग पडद्याकडे बघत. कीबोर्डवर कोणाचे हात आहेत याकडे कोणीच बघितलं नाही. यादी छापून निघाली. लांबलचक, स्वच्छ, एकही भोक न फाटता.

संचालकांनी ती शांतपणे पाहिली. गाठी कुठे आहेत हे त्यांना आधीपासूनच ठाऊक होतं. मग एका म्हाताऱ्या संचालकाने घसा साफ केला.

"याले म्हना, माहं नाव छापून दाखव."

कुंदाने छापलं. त्याने तो कागद फाडून घेतला, चष्मा लावून वाचला, घडी करून बंडीच्या खिशात ठेवला. त्यानंतर रांग लागली. कोणाला स्वतःचं नाव हवं होतं, कोणाला नातवाचं, एकाला गावासकट हवं होतं. मशीन एकमताने मंजूर झालं. गाठींची यादी टेबलावर राहिली, तिच्यावर नंतर पोहे ठेवले.

भाऊसाहेबांनी माझ्यासमोरच पुण्याला ट्रंक कॉल लावला आणि गुप्ते साहेबांना ओरडून सांगितलं, "तुमची बाई म्हंजे सोनं हाय. तिले कुठंच नोका पाठवू. आमचं तिच्याबिगर पान हालत नाई." मी लाजून खाली बघत होते. मनातल्या मनात मी विमानात बसलेसुद्धा होते.

परत पुण्यात

साहेबांनी उभं राहून माझं अभिनंदन केलं. मग बसून सांगितलं की अमेरिकेला सबनीस जाईल.

"मला कळलं नाही," मी म्हणाले.

"अगं, तुझ्याशिवाय त्यांचं पान हलत नाही. खुद्द अध्यक्ष म्हणाले. शिवाय त्यांच्या सांगण्यावरून खामगावची काही मंडळीही मशीन घेताहेत, ती तुलाच मागताहेत. सबनीसचं तसं नाही. त्याला आजवर कुठल्याच गिऱ्हाइकाने परत बोलावलेलं नाही. तो मोकळा आहे."

मी जिन्यात जाऊन रडले. आमच्या धंद्यात काम बिघडवलं तर माणूस घरी बसतो आणि चांगलं केलं तर तिथेच अडकतो. पुढे जायला नेमकं किती वाईट काम करावं लागतं, ते सबनीसला उपजतच कळलं होतं. मला त्याचा राग आला नाही. मला साहेबांचा आला, आणि भाऊसाहेबांचाही आला, आणि तो गिळून टाकायची माझी तयारी नव्हती.

तोंड धुऊन मी परत आत गेले आणि साहेबांच्याच टेबलावरून पुलगावला अर्जंट कॉल लावला. साहेबांनी तो लावू दिला. पुलगावचं कौतुक ऐकायला त्यांना आवडत होतं. कॉल लागेपर्यंत सबनीसही दारात येऊन उभा राहिला.

"बोला बाई," तारेतून भाऊसाहेबांचा आवाज आला. तो फोनशिवायही पुण्यात ऐकू आला असता. "मशीन झाक चालू हाय. काल तहसीलदार सायबानं नाव छापून नेलं."

"चालवतं कोण, भाऊसाहेब?"

"कोन म्हंजे? जमादाराची कुंदा. दिवसभर तेच बसून राह्यते. भारी हुशार पोट्टी."

"त्या दिवशी संचालकांसमोरही तिनेच चालवलं होतं."

"असं का?" ते म्हणाले. "मले दिसलंच नाई."

"मग मी नसले तर अडेल का तुमचं?"

"आता खरं सांगू का? वाईट नोका वाटून घेऊ. नाई अडत."

"तिला पक्की करा, भाऊसाहेब."

"करतो नं. नाई त तेबी पुण्याले पळून जाईन."

"आणि मला अमेरिकेला जायचंय. 'तिला कुठंच पाठवू नका' असं तुम्ही माझ्याबद्दल साहेबांना म्हणालात, म्हणून मला पाठवत नाहीत."

"अरे बाप्पा. मी त कौतुकानं म्हटलं. घरच्या पोरीचं कौतुक कराचं त असंच म्हनतेत नं. तुमी जा, बाई. तुमाले कोन अडवून राह्यलं?"

साहेबांनी हे ऐकलं, सबनीसने ऐकलं, आणि बाहेर टायपिंग थांबलं त्यावरून सगळ्या ऑफिसनेच ऐकलं.

"ते इथेच बसलेत, भाऊसाहेब," मी म्हणाले. "त्यांच्याशीच बोला."

आणि रिसीव्हर गुप्ते साहेबांच्या हातात दिला.